आपल्या घरखर्चाची पंचवीस वर्षे

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचे लिखित रूप. वेळेअभावी बोलताना राहून गेलेले एक-दोन मुद्दे यात घातले आहेत.)



आपल्या सचिवांनी मला निरोप दिला तो असा : "काका, तुम्ही जन्मभर आकडे गोळा केलेत, तर त्यावर बोला. पण अर्ध्या तासात आटपा आणि लोकांना झोप येणार नाही असं बोला." पहिली अट मी पाळीन. दुसरीची हमी नाही, कारण जेवण अगोदर झालेलं आहे आणि श्रीखंड उत्तम होतं.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांना मी 'सरकारी खात्यात कुठेतरी होते' एवढाच माहीत आहे. मी राष्ट्रीय नमुना पाहणीत होतो. १९८३ साली अन्वेषक म्हणून लागलो आणि २०१९ ला निवृत्त झालो. अन्वेषक म्हणजे पिशवीत छापील तक्ते घेऊन लोकांच्या दारात जायचं आणि विचारायचं, "गेल्या महिन्यात तुमच्या घरी तांदूळ किती लागला? तूरडाळ किती? गोडेतेल किती? चपला कधी घेतल्या?" लग्न ठरलं तेव्हा माझ्या सासऱ्यांनी विचारलं होतं, "म्हणजे नेमकं काम काय?" मी सांगितलं, "लोक काय खातात ते विचारायचं." ते बराच वेळ गप्प बसले होते.

आज त्याच विषयावर बोलतो. देशातली कुटुंबं पैसे कशावर खर्च करतात, आणि आपली सोसायटी उभी राहिली तेव्हापासून त्यात काय बदललं.

दोन वह्या

माझ्याजवळ दोन हिशेब आहेत. एक देशाचा, तो छापील अहवालात आहे. दुसरा आमच्या घरचा, तो आमच्या हिच्या वहीत. ही तिसऱ्या रांगेत बसली आहे आणि वहीतलं जाहीर सांगायला तिची परवानगी घेतलेली आहे.

आपल्याला ताबे मिळाले २००० साली. आम्ही दसऱ्याला राहायला आलो आणि त्याच महिन्यापासून हिने नवी वही घातली. त्या महिन्यात घरात आम्ही पाच माणसं. आम्ही दोघं, दोन मुलं आणि माझी आई. एकूण खर्च ९,८४० रुपये. पैकी किराणा, दूध, भाजी, फळं मिळून ४,३१०. म्हणजे शंभरातले ४४ रुपये पोटात गेले. बाकीच्यात मुलांची फी, वीज, गॅस, माझा बसचा पास, आईची औषधं, केबल आणि टेलिफोनचं बिल. त्या बिलापुढे कंसात लिहिलंय, 'एसटीडी जास्त झाले, ताईशी बोलणे कमी करणे.'

घराचा हप्ता मात्र या ९,८४० मध्ये नाही. तो वहीच्या शेवटच्या पानावर वेगळा लिहायची. मी तेव्हा विचारलं होतं, "अगं, सगळ्यात मोठा खर्च तोच, आणि तोच वगळलास?" तर म्हणाली, "अहो, तो खर्च कसा? घर होतंय ना आपलं." आता गंमत सांगतो. आमच्या पाहणीचा नियमही हाच आहे. भाडं दिलं तर तो उपभोग खर्च, पण कर्जाचा हप्ता उपभोगात धरत नाहीत. मला खात्याने प्रशिक्षण देऊन जे शिकवलं ते हिने स्वतःच ठरवलं होतं. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

देशाची वही

ही वही सुरू केली प्राध्यापक महालनोबीस यांनी, १९५० साली. देश नुकता स्वतंत्र झालेला, नियोजन करायचं, पण लोक खातात काय, नेसतात काय, याची देशभराची माहितीच नाही. म्हणून नमुना पाहणी. भात शिजला की नाही हे बघायला आपण सगळं पातेलं चिवडत नाही, दोन शितं दाबतो. तसंच हे. शितं मात्र पातेल्याच्या सगळ्या बाजूंनी घ्यावी लागतात. नुसती वरची घेतली तर फसगत होते.

१९७२-७३ पासून साधारण दर पाच वर्षांनी घरखर्चाची मोठी पाहणी होऊ लागली. या आकड्यांचा पहिला मोठा उपयोग आपल्या पुण्यातच झाला. बीएमसीसी रस्त्यावरच्या गोखले संस्थेत वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ या दोघांनी १९६०-६१ च्या पाहणीवरून हिशेब मांडला की, माणसाला रोज २,२५० उष्मांक मिळतील एवढं खायचं तर खेड्यात दरमहा माणशी १५ रुपये आणि शहरात साडेबावीस रुपये खर्च व्हायला हवा. मग तेवढासुद्धा खर्च न करू शकणारे किती, ते मोजलं. १९७१ साली ते प्रसिद्ध झालं आणि 'दारिद्र्यरेषा' या शब्दावर देशभर वाद सुरू झाला. त्या वादाच्या मुळाशी कुणीतरी कुणाच्या तरी ओसरीवर बसून भरलेले तक्ते होते, हे आम्हा अन्वेषकांना फार अभिमानाचं वाटायचं.

या वहीत एक मोठा खंडही आहे. २०११-१२ नंतर २०१७-१८ ला पाहणी झाली, पण तिचा अहवाल प्रसिद्ध झाला नाही. माहितीच्या दर्जाबद्दल शंका आहेत, असं सरकारने २०१९ मध्ये सांगितलं. त्या पाहणीत मीही काम केलं होतं. त्यावर इथे काही बोलत नाही, फक्त एवढंच म्हणतो की अकरा वर्षं वहीची पानं कोरी राहिली. नंतर २०२२-२३ ला पाहणी झाली, लगोलग २०२३-२४ ला झाली, आणि तिचे आकडे डिसेंबर २०२४ मध्ये आले. म्हणजे आपल्या सोसायटीचा जन्म १९९९-२००० चा आणि रौप्यमहोत्सव आत्ताचा, दोन्ही टोकांना पाहणी आहे. असा योग पुन्हा येणार नाही, म्हणून हा विषय घेतला.

पोटाचा वाटा

जर्मनीत एर्न्स्ट एंगेल नावाचे एक संख्याशास्त्रज्ञ होऊन गेले. मार्क्सचे मित्र ते एंगल्स वेगळे. या एंगेलसाहेबांनी १८५७ साली कामगार कुटुंबांचे हिशेब तपासून एक गोष्ट सांगितली : कुटुंब जितकं गरीब, तितका त्याच्या खर्चात अन्नाचा वाटा मोठा. मिळकत वाढली की माणूस जास्त खातो, चांगलं खातो, पण पोटाला मर्यादा आहे. उरलेला पैसा दुसरीकडे जातो.

आता आपला देश बघा. १९७२-७३ मध्ये खेड्यातलं कुटुंब शंभरातले जवळजवळ ७३ रुपये अन्नावर खर्च करत होतं, शहरातलं साधारण ६४-६५. १९९९-२००० ला, म्हणजे आपली नोंदणी झाली तेव्हा, खेड्यात ५९ आणि शहरात ४८. आणि आता २०२३-२४ ला खेड्यात ४७, शहरात ४० च्या किंचित खाली. आमच्या हिच्या वहीत २००० साली ४४ होते, म्हणजे आम्ही शहरी सरासरीपेक्षा थोडे बरे.

त्यातही सगळ्यात मोठी उतरण धान्याची. १९९९-२००० ला खेड्यातल्या शंभरातले २२ रुपये नुसत्या तांदूळ, गहू, ज्वारी, बाजरीवर जायचे. आता ५. शहरात तेव्हा १२, आता ४ पेक्षाही कमी.

नुसते पैसेच कमी झाले असं नाही, वजनही कमी झालं. १९९३-९४ ला खेड्यात माणशी महिन्याला १३.४ किलो धान्य लागायचं, २०२२-२३ ला साडेनऊ-पावणेदहा किलो. शहरात १०.६ किलोचं ८ किलो झालं. याचा अर्थ लोक उपाशी राहायला लागले का? यावर अर्थतज्ज्ञांत बराच वाद झालेला आहे. एक कारण असं देतात की अंगमेहनत कमी झाली. मोट गेली, पंप आला. जातं गेलं, गिरणी आली. डोक्यावरचा हंडा काही ठिकाणी तरी उतरला. दुसरं म्हणजे भाकरीची जागा थोडी दूध, अंडी, फळं यांनी घेतली. तिसरी गोष्ट पैशांच्या वाट्याची. रेशनवर धान्य आधी दोन-तीन रुपये किलोने आणि जानेवारी २०२३ पासून फुकट मिळतं, त्यामुळे खिशातून जाणारा पैसा कमी झाला. फुकट मिळालेल्याची किंमत धरून केलेला हिशेबही आता वेगळा देतात. तेव्हा 'धान्यावरचा खर्च घटला' या एका वाक्यात तीन-चार गोष्टी मिसळलेल्या आहेत, हे ध्यानात ठेवावं.

मला १९९३-९४ च्या पाहणीतली नगर जिल्ह्यातली एक आजीबाई आठवते. मी विचारलं, "ज्वारी किती लागली, आणि केवढ्याची?" त्या म्हणाल्या, "लेकरा, ज्वारी घरची. तिला कशाचं मोल?" मी समजावलं की घरची असली तरी शेतावरच्या भावाने तिची किंमत धरावी लागते. त्यांना ते पटलं नाही. मग मला चहा दिला आणि विचारलं, "आता ह्यो चहा कोणाच्या नावावर लिवणार?" मी सांगितलं, "आजी, तुमच्याच." खरोखर नियम तसाच आहे. पाहुण्याला घातलेलं जेवण घालणाऱ्याच्या खात्यात धरतात. आपण कामाच्या मावशींना चहा-पोळी देतो, ती आपल्या घरच्या हिशेबात येते. आजी हसल्या आणि म्हणाल्या, "मंग तुझं सरकार शहाणं दिसतंय."

मग पैसा गेला कुठे?

पोटाचा वाटा कमी झाला, मग वाचलेला पैसा कुठे गेला? पहिलं उत्तर जरा विचित्र आहे. त्यातला काही पुन्हा पोटातच गेला, फक्त पुडक्यातून. शीतपेयं, फरसाण, बिस्किटं, तयार पदार्थ आणि बाहेरचं जेवण हे एका गटात धरतात. १९९९-२००० ला शहरी खर्चात त्याचा वाटा सहा टक्क्यांच्या आसपास होता, आता ११. म्हणजे शहरात आपण धान्यावर खर्च करतो त्याच्या दुपटीहून जास्त खर्च या गटावर करतो. आपल्या गेटवर संध्याकाळी सात ते दहा उभं राहून बघा. लाल, केशरी टी-शर्टवाल्या मुलांची जी रांग लागते, ती म्हणजे हाच आकडा मोटारसायकलवर बसून आलेला.

दुसरं उत्तर, प्रवास. शहरात साडेआठ टक्के आता वाहनं, पेट्रोल, रिक्षा, बस यांवर जातात. आपलं पार्किंग आखलं तेव्हा समितीत वाद झाला होता, एवढ्या गाड्या कुणाकडे असणार म्हणून. आज तो वाद घालणाऱ्यांच्याच घरी दोन-दोन आहेत. नावं घेत नाही. घरभाडं साडेसहा टक्के, टिकाऊ वस्तू सुमारे सात, शिक्षण आणि औषधपाणी प्रत्येकी सहाच्या जवळपास. खेड्यात औषधपाण्याचा वाटा शहरापेक्षा मोठा आहे, सात टक्के. आणि शिक्षणाचा शहरापेक्षा बराच कमी. या दोन ओळींत पुष्कळ काही आहे.

आमच्या घरची गोष्ट सांगतो. मुलं बाहेर गेली, आई गेली, आता आम्ही दोघंच. गेल्या ऑक्टोबरचा खर्च ३८,६०० रुपये. अन्न १२,९००, म्हणजे साधारण ३३ टक्के. एंगेलसाहेबांच्या नियमाने आम्ही श्रीमंत झालो. पण डॉक्टर, तपासण्या आणि औषधं मिळून ७,४००, म्हणजे १९ टक्के. २००० साली आईची औषधं धरूनसुद्धा हा वाटा ५ टक्के होता. तेव्हा अन्नाचा वाटा घटला म्हणजे सुख वाढलंच, असा सरळ अर्थ काढता येत नाही. पोटावरचा पैसा कशाने हटवला तेही बघावं लागतं. आपल्या सोसायटीत साठी ओलांडलेली किती घरं आहेत, हे तुम्ही मोजाच.

एवढ्यात भागतं का?

आता तो आकडा, जो सांगितला की लोक माझ्या अंगावर येतात. २०२३-२४ मध्ये शहरी भारतात माणशी महिन्याचा खर्च सरासरी ६,९९६ रुपये. महाराष्ट्राच्या शहरांत ७,३६३. खेड्यात देशभराची सरासरी ४,१२२. १९९९-२००० ला शहरात ८५५ आणि खेड्यात ४८६ होती.

म्हणजे आज महाराष्ट्रातल्या शहरात चार माणसांच्या घराचा महिन्याचा खर्च साडेएकोणतीस हजार. हे मी मागे कट्ट्यावर सांगितलं तर बी विंगमधले एक स्नेही म्हणाले, "काय थट्टा करता? आमचं एवढ्यात निम्मा महिना जात नाही. सरकारी आकडे म्हणजे सगळं खोटं."

खोटं नाही. तीन गोष्टी समजून घ्या. एक, ८५५ चे ७,००० झाले यात महागाईच फार मोठी आहे. २०११-१२ ते २०२२-२३ या अकरा वर्षांत शहरी खर्च २,६३० वरून ६,४५९ झाला, जवळजवळ अडीचपट. पण महागाई वजा केली तर खरी वाढ साधारण एक तृतीयांश. खेड्यात ती थोडी जास्त, ४० टक्के. दुसरी गोष्ट, हिच्या वहीचं शेवटचं पान. हप्ता यात नाही. आपल्यातल्या तरुण जोडप्यांच्या पगाराचा मोठा तुकडा हप्त्यात जातो, तो या आकड्यात दिसणारच नाही.

तिसरी गोष्ट जरा बोचरी आहे. आपण सरासरी नाही. २०२२-२३ ला शहरातल्या सगळ्यात खालच्या पाच टक्के लोकांचा माणशी खर्च महिन्याला २,००१ रुपये होता आणि सगळ्यात वरच्या पाच टक्क्यांचा २०,८२४. आमच्या घरी माणशी १९,३०० पडतात. मी स्वतःला कायम मध्यमवर्गीय समजत आलो. आकडा म्हणतो, तुम्ही वरच्या जिन्यावर उभे आहात, फक्त खाली बघत नाही.

आपलं फाटक

आणि आता ज्यासाठी खरं तर मी हे भाषण स्वीकारलं ते सांगतो.

२०२३ च्या उन्हाळ्यातली गोष्ट. मी भाजी घेऊन येत होतो. फाटकावर एक मुलगा आणि एक मुलगी, गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब, उन्हात उभे. आपला वॉचमन त्यांना सांगत होता, "सर्वेवाल्यांना आत सोडायची ऑर्डर नाय." पाटीकडे बोट दाखवत होता. 'विक्रेते, सर्वेक्षणवाले व वर्गणीवाले यांना सक्त मनाई.' ओळखपत्र बघितलं तर माझ्याच जुन्या खात्याची मुलं, घरखर्चाच्या पाहणीची. आपली सोसायटी नमुन्यात आली होती. त्यांचा तो तिसरा फेरा होता.

मी वॉचमनवर चिडलो. तो शांतपणे म्हणाला, "काका, ठराव हाय." आणि खरंच ठराव आहे. २०११ च्या सर्वसाधारण सभेत झालेला. त्या वर्षी झुरळांचं औषध मारायच्या निमित्ताने एक माणूस आत आला आणि ए विंगमधून दागिने घेऊन गेला, हे जुन्या सभासदांना आठवत असेल. म्हणून ठराव झाला. इतिवृत्त काढून बघितलं. सूचक दुसरे आहेत. अनुमोदक मी आहे. ज्याने अठ्ठावीस वर्षं दुसऱ्यांच्या दारात उभं राहून पोट भरलं होतं, त्याने 'सर्वेक्षणवाले' हा शब्द वाचला आणि हात वर केला. माझ्या डोक्यातही आलं नाही.

मी मुलांना आत आणलं, पाणी दिलं. त्यांच्या यादीत आपल्याकडची जी घरं निघाली होती, त्यांच्याकडे सोबत गेलो. दोन घरांनी नीट माहिती दिली, त्यांचे आभार. तीन घरांनी नाही म्हटलं. एकांना आयकराची भीती. एक म्हणाले, वेळ नाही. एका वहिनींनी दाराच्या फटीतून सांगितलं, "तुमच्या घरची घ्या ना, काकांना आवडतं." मुलगी हसली आणि मला म्हणाली, "सर, तसं चालत नाही, तुम्हाला माहितीये."

का चालत नाही ते सांगतो. २०२२-२३ च्या पाहणीत सगळ्या देशातून २,६१,७४६ घरं निवडली गेली. म्हणजे एकेक घर हजाराहून अधिक घरांच्या वतीने बोलतं. कोण बोलणार हे चिठ्ठी ठरवते, आवड ठरवत नाही. शहरात तर घरं निवडताना आधी गट पाडतात. दहा लाखांच्या वरची मोटार असलेले, त्याखालची मोटार असलेले आणि मोटार नसलेले. वरच्या थरातली शितंही हातात यावीत म्हणून ही काळजी. आणि नेमकी त्याच थरातली घरं फाटकं लावून घेतात. मग त्यांच्या जागी बदली कुटुंब घ्यावं लागतं. झोपडपट्टीत आम्हाला कधी कुणी दारातून परत पाठवलं नाही. बसायला पाट दिला. परत पाठवलं ते लिफ्ट असलेल्या इमारतींनी. आणि मग त्याच इमारतींतले लोक कट्ट्यावर म्हणतात, सरकारी आकडे खोटे.

याचं आपल्याला काय?

कुणी म्हणेल, नाही दिली माहिती तर काय बिघडलं? निवृत्त मंडळींसाठी सोपं उत्तर आहे : महागाई भत्ता. केंद्राचा भत्ता औद्योगिक कामगारांच्या ग्राहक किंमत निर्देशांकावर ठरतो. हा निर्देशांक म्हणजे एक टोपली असते. कुटुंबं कशावर किती खर्च करतात ते विचारून त्या टोपलीत वस्तूंना वजन देतात. १९८२ च्या टोपलीत अन्नाचं वजन ५७ होतं, २००१ च्या टोपलीत ४६, २०१६ च्या टोपलीत ३९. टोपली जुनी राहिली किंवा चुकीची भरली, तर महागाई चुकीची मोजली जाते. रिझर्व्ह बँक व्याजाचे दर ठरवताना जो ग्राहक निर्देशांक बघते, त्याची टोपली बरीच वर्षं २०११-१२ च्या पाहणीवरून भरलेली होती. तुमचा हप्ता आणि तुमच्या ठेवीवरचं व्याज कुठून हलतं, ते बघा. कुणीतरी कुणाला तरी विचारलेल्या 'गोडेतेल किती लागलं?' या प्रश्नापर्यंत ती दोरी जाते.

दुसरं उत्तर आपल्याकडे कामाला येणाऱ्यांबद्दल आहे. एंगेलचा नियम पुन्हा आठवा. समजा सगळं अन्न दहा टक्क्यांनी महागलं. माझ्या घरी अन्न एक तृतीयांश, म्हणून माझा एकूण खर्च सव्वातीन टक्के वाढेल. ज्या घरात निम्मा खर्च अन्नाचा, तिथे पाच टक्के वाढेल. टोमॅटो, तूरडाळ, तेल महाग झालं की आपण कुरकुरतो, आपल्याकडे पोळ्या करणाऱ्या मावशी मात्र काहीतरी कमी करतात. मी आमच्या मावशींना विचारलं, मुलाखतीसारखं नाही, सहज. खोलीचं भाडं, मुलाची शिकवणी आणि मोबाइलचा रिचार्ज हे तीन कमी करता येत नाहीत, म्हणाल्या. "मग काय कमी करता?" "दूध."

मला वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैपासून, महागाई भत्ता वाढवून मिळतो. मावशींना नाही. आपल्या वॉचमनला नाही. आपल्या सोसायटीने वॉचमन आणि सफाई कामगारांचा पगार यापूर्वी कधी वाढवला, ते मी खजिनदारांना विचारलं. त्यांनी फाइल बघून सांगितलं, तीन वर्षं होऊन गेली. यात कुणाचा दोष काढत नाही, मी स्वतः दोनदा समितीत होतो.

तीन विनंत्या

तेव्हा रौप्यमहोत्सवाच्या निमित्ताने तीन गोष्टी मागतो.

पहिली, २०११ चा तो ठराव येत्या सर्वसाधारण सभेत दुरुस्त करावा. सरकारी ओळखपत्र तपासून, नोंद करून पाहणीवाल्यांना आत सोडावं. सूचक मी होतो, या वेळी अनुमोदक तुमच्यापैकी कुणीतरी व्हा. दिलेली माहिती गुप्त ठेवणं कायद्याने बंधनकारक आहे. माझ्या छत्तीस वर्षांत एकाही घराचा तक्ता आम्ही आयकर खात्याला दिला नाही.

दुसरी, आपल्या कर्मचाऱ्यांचा पगार दर वर्षी महागाईच्या निर्देशांकाला जोडून वाढवावा. मागायला यायची वेळ त्यांच्यावर येऊ नये. मेंटेनन्समध्ये दर घरामागे किती फरक पडेल याचा कच्चा हिशेब मी खजिनदारांकडे दिला आहे. एका वेळच्या बाहेरून मागवलेल्या जेवणापेक्षा तो कमी आहे.

तिसरी विनंती घरातली आहे. एक महिना वही लिहा. आमच्या हिने २०१९ साली वही बंद केली. मी म्हटलं, का गं? म्हणाली, "अहो, आता पैसे हातातून जातच नाहीत. लिहू काय?" दूध महिन्याचं मोबाइलवरून, भाजी स्कॅन करून, औषधं घरपोच. गेल्या ऑक्टोबरचा जो हिशेब मी मघाशी सांगितला, तो या भाषणासाठी तिने मुद्दाम पुन्हा लिहिला. पहिल्या आठवड्यातच आम्हाला कळलं की ज्या दोन वाहिन्या आम्ही कधीच बघत नाही, त्यांचे पैसे चार वर्षं खात्यातून जात होते. आयुष्यभर दुसऱ्यांचे हिशेब विचारणाऱ्याच्या घरी!

वही आता पुन्हा सुरू आहे. त्यात परवाच्या तारखेला एक नोंद आहे : 'रौप्यमहोत्सव वर्गणी ५,००० (जास्त वाटली).' ते मी इथे वाचणार नव्हतो, पण आकडे लपवायचे नाहीत असं आत्ताच सांगून बसलो.

आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत, दोन-तीन जण वगळता कुणी झोपलं नाही.